भूकवचातला ताण मोजायला शिकताना

सॉफ्टवेअर नंतर. आधी हाताने हिशेब कर: घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले खोली. ग्रॅनाइटसारख्या खडकात 1 किलोमीटर खाली उभा ताण साधारण 26 मेगापास्कल येतो. पुढचं प्रत्येक उत्तर या आकड्याशेजारी ठेवून बघ.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- एकाच भूकंपाच्या 'बीचबॉल'वरून (भ्रंश कसा सरकला ते दाखवणारी चेंडूसारखी आकृती) ताणाची दिशा ठरवतात. त्यातला पी-अक्ष (दाबाची दिशा दाखवणारी रेषा) भ्रंशप्रतलाशी, म्हणजे खडक ज्या भेगेवर सरकला तिच्या पातळीशी, 45 अंशांवर धरलेला असतो. तो म्हणजे सर्वात मोठ्या ताणाची दिशा नव्हे. जुना भ्रंश तिरक्या ताणानेही सरकतो. म्हणून एकाच भागातले, वेगवेगळ्या दिशांना कललेल्या भ्रंशांवरचे बरेच भूकंप एकत्र घे.

- त्याच बीचबॉलमधून ताणाचं मूल्य काढू पाहतात. बरेच बीचबॉल एकत्र घेतले तरी तिथून दिशा आणि तुलनात्मक प्रमाण मिळतं, बस्स. मूल्यासाठी बोअरहोलचा बंद केलेला टप्पा पाण्याच्या दाबाने फोडतात. पंप थांबवल्यावर दाब झपकन उतरतो आणि मग आलेखाला बाक येतो. भेग मिटतानाचा तो दाब म्हणजे जवळपास किमान ताण. हा आलेख वाचायला मनापासून शीक, फार सुंदर गोष्ट आहे!

- बोअरहोलमधून काढलेल्या खडकाच्या नमुन्यावर (कोर) दिशेची खूण करत नाहीत. मग दिशेसाठी तो नमुना जवळजवळ निरुपयोगी.

ताणाचं इन्व्हर्जन (बऱ्याच भूकंपांवरून उलट गणिताने ताण काढणं) सध्या बाजूला राहू दे. आधी दहा-बारा बीचबॉल कागदावर स्वतः काढ.