आरपीजी (एखादी भूमिका घेऊन खेळायच्या) गेममध्ये गे किंवा ट्रान्स पात्र ओढूनताणून आणलंय असं न वाटता कसं लिहायचं?

त्या पात्राला आधी गेममधलं काम द्या, स्वतःचं काहीतरी दुखणं द्या आणि मग तो गे आहे हे बोलता बोलता कळू द्या, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. मास इफेक्ट ३ (२०१२) मधला स्टीव्ह कॉर्टेझ बघा, शटलचा म्हणजे छोट्या यानाचा पायलट, आपण खाली जिथे शटल ठेवतात तिथे जातो तर हा एकटाच उभा राहून रेकॉर्डिंग ऐकतोय, नवऱ्याचा शेवटचा मेसेज, आणि 'माझा नवरा' हा शब्द तो असा बोलतो जसा कोणीही विधुर माणूस बायकोबद्दल बोलेल, वेगळी घोषणा वगैरे काही नाही. उलटं उदाहरण त्याच सिरीजमधलं, अँड्रोमेडा (२०१७). तिथली ट्रान्स बाई हेनली अब्राम्स पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाला आपलं ट्रान्झिशनच्या आधीचं जुनं नाव सांगून मोकळी होते, असं कोण करतं राव? ट्रान्स प्लेयर्सनी बोंब मारली, गेम बनवणाऱ्या बायोवेअरने माफी मागितली आणि पॅच (गेमचा अपडेट) टाकून तो संवाद बदलला. मी दोन्ही गेम खेळलोय, फरक लगेच जाणवतो. फक्त एक, 'सहज' म्हणजे लपवून ठेवणं नव्हे. ड्रॅगन एज इन्क्विझिशन या गेममध्ये डोरियन गे आहे म्हणून त्याचा बाप त्याला जादूने 'बदलायला' निघालेला असतो, तिथे विषयच तो आहे, मग तो सीन पूर्ण ताकदीने लिहायचा. तरी बाकीच्या वेळी डोरियन टोमणे मारणारा, स्वतःच्या देशावर चिडलेला जादूगारच असतो.