हॅनफर्डच्या लायगोत व्हॅक्यूमच्या कामाला यायचंय ना, मग आधी मंगळवार समजून घे

अरे, तुझा लांबलचक मेसेज वाचला. सहा वर्षं औषधाच्या प्लांटमध्ये व्हॅक्यूम पंप, लीक टेस्टिंग, युटिलिटी मेंटेनन्स करतोयस, आता अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला जी लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा आहे, तिथल्या जागेसाठी इंटरव्ह्यूचा पहिला राउंड झालाय आणि विचारतोयस की रोजचं काम नक्की काय, फिजिक्स जेमतेम येतं ते चालेल का, आणि बायको-मुलीला सोबत आणू का. तू दादा म्हणालास म्हणून मी सरळ अरे-तुरे वर आलोय. मी इथे व्हॅक्यूम आणि मेकॅनिकलच्या बाजूला आहे, त्यामुळे जे लिहितोय ते त्या खिडकीतून दिसलेलं, शास्त्रज्ञाला विचारलंस तर तो वेगळंच सांगेल.

फिजिक्सचं आधी उरकतो. लागत नाही. म्हणजे एवढं कळायला हवं की एल आकारात ४-४ किलोमीटरचे दोन हात आहेत, त्यातून लेसर जातो, टोकाला ४० किलोचे काचेचे आरसे ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्याच तंतूंवर टांगलेत, आणि अवकाशातून गुरुत्वीय लाट आली की हाताच्या लांबीत जो फरक पडतो तो प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या भागाइतका असतो. तो मोजायला लोक आहेत. आपलं काम बाकी काहीही हलू द्यायचं नाही, गळू द्यायचं नाही, गुणगुणू द्यायचं नाही. बस.

आता कोणी आधी सांगत नाही ते सांगतो. ज्या मशीनसाठी तू सातासमुद्रापार येणार, त्या मशीनजवळ आठवड्यातले बहुतेक दिवस तुला जाता येणार नाही. ऑब्झर्व्हिंग चालू असताना आतल्या मोठ्या हॉलमध्ये दिवे बंद, माणूस नाही. तू आत चाललास तरी जमीन हलते आणि डेटात दिसते. म्हणून सगळी कामं मंगळवारी सकाळी ८ ते १२, चार तासांत. या चार तासांत पंपांची तपासणी, चिलरमध्ये पाणी टॉप-अप, हायड्रॉलिक सिस्टमच्या द्रवाची पातळी बघणं, कॉम्प्युटर रीस्टार्ट, फोर्कलिफ्ट, क्रेन, साफसफाई, सगळं एकदमच, आणि सगळ्यांना वाटतं आपलंच काम जास्त महत्त्वाचं. बुधवार ते सोमवार तू काय करतोस तर मंगळवारची तयारी. कुठला पाना, कुठलं गॅस्केट, गाडीत काय चढवायचं, कारण कॉर्नर स्टेशनवरून (दोन्ही हात जिथे मिळतात ती इमारत) टोकाच्या स्टेशनला ४ किलोमीटर जायचं आणि तिथे पोचल्यावर कळलं की ओ-रिंग विसरली, तर जाण्यायेण्यात वेळ गेला आणि कदाचित काम पुढच्या मंगळवारवर. माझी पहिले सहा महिने हीच रड होती, प्लांटमध्ये आपण शटडाउन घेतो तेव्हा किमान शिफ्ट तरी पूर्ण मिळते रे.

बारा वाजले की कोणीतरी स्वीप करतो. म्हणजे हातात यादी घेऊन अख्खा हॉल फिरायचा, क्रेन जागेवर उभी आहे का, फोर्कलिफ्टचं चार्जिंग काढलंय का, फोन अनप्लग केलेत का, एक्स्टेन्शन वायर लटकत नाहीये ना, दिवे बंद. तुला वाटेल इतकं काय. मी पहिल्या वर्षी एका टोकाच्या स्टेशनवर एक साधा चार्जर प्लगमध्येच विसरून आलो होतो, जुन्या पद्धतीचा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला. दोन दिवसांनी नॉइजवाल्या टीममधल्या बाईंनी स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे डेटातल्या वारंवारतांच्या आलेखात, एक नवीन रेघ पकडली, मग हळूहळू मागे जात जात, कधीपासून आहे, तर मंगळवारपासून, कुठल्या इमारतीत, तर अमुक, तिथे मंगळवारी कोण गेलं होतं, तर मी. कोणी ओरडलं नाही. मी लॉगमध्ये लिहिलं की चार्जर माझा होता, अमक्या वाजता काढला, आणि रेघ गेली. तेव्हापासून खिशात छोटी वही ठेवतो, आत नेलेली प्रत्येक वस्तू लिहायची आणि बाहेर येताना खोडायची.

हा लॉग फार मोठी गोष्ट आहे इथे. केलेलं प्रत्येक काम त्याच दिवशी लिहायचं, फोटो लावायचे, वेळ टाकायची, आणि तो लॉग सगळ्या जगाला वाचता येतो. तुझं इंग्लिश बोलताना अडखळलं तरी कोणाला पडलेली नाही, पण "पंप चेक केला, ओके" असं लिहिलंस तर तीन महिन्यांनी कोणीतरी येऊन विचारणार, कुठला पंप, कुठलं रीडिंग, ओके म्हणजे किती. आपल्याकडे प्लांटचं लॉगबुक बऱ्याचदा ऑडिटसाठी भरतात, खरं सांग. इथे ते खरंच वाचलं जातं, म्हणून आत्तापासून सवय लाव.

आता तुझ्या आवडीचं, व्हॅक्यूम. तुझ्या लायोफिलायझरला (औषध गोठवून सुकवायचं मशीन) ०.१ मिलिबार म्हणजे तू खूश. इथे नळीत १० चा उणे ९ वा घात टॉर (दाबाचं एकक), म्हणजे त्याच्याहून काही कोटी पट कमी, आणि ते १०,००० घनमीटर जागेत. नळी १.२ मीटर व्यासाची, स्टेनलेस स्टील, भिंत फक्त ३ मिलिमीटर, वरून काँक्रीटचं कवच. सुरुवातीला ही हवा काढायला ४० दिवस लागले होते, आणि नळीतूनच करंट सोडून ती महिनाभर तापवली होती, भिंतीला चिकटलेलं पाणी वगैरे बाहेर यावं म्हणून. त्यानंतर त्या लांब नळ्या जपून ठेवल्यात. काही उघडायचंच झालं तर गेट व्हॉल्व्ह बंद करून फक्त चेंबर, म्हणजे आरसे वगैरे बसवलेल्या टाक्या, उघडतात. रोज चालू कोण असतं तर आयन पंप आणि लिक्विड नायट्रोजनचे क्रायोपंप, कारण त्यांना हलणारे भाग नाहीत. टर्बो आणि रफिंग पंप फक्त चेंबर उपसताना लागतात, डेटा घेताना चालू ठेवले तर कंपन येणार. म्हणजे ज्या फिरणाऱ्या पंपांवर तू सहा वर्षं हात बसवलास ते इथे बहुतेक वेळ गप्प बसलेले दिसतील. पण हीलियम लीक डिटेक्टर, आरजीएचे (आत कुठले वायू उरलेत ते दाखवणारं यंत्र) पीक वाचणं, फ्लँजचे बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे, हे तुझं सगळं जसंच्या तसं कामाला येईल, ते इंटरव्ह्यूत ठासून सांग.

चेंबर उघडायची वेळ येते तेव्हा काम एकदम पालटतं. तेव्हा महिनोन्महिने आत असतोस, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, दोन दोन ग्लोव्हज, मास्क, लेसर चालू असेल तर गॉगल (१०६४ नॅनोमीटर, डोळ्याला दिसतच नाही, म्हणून जास्त धोकादायक). आत जाणारा प्रत्येक स्क्रू धुतलेला, भाजलेला, पाकिटात बंद. प्लांटमधली क्लीनरूम तुला माहीत आहे, पण तिथे शत्रू जंतू, इथे शत्रू धूळ आणि तेलाचा अंश. आरशावर एक कण बसला आणि त्यावर शेकडो किलोवॅटचा लेसर पडला की आरसाच जळतो, तो बदलणं म्हणजे परत काही महिने. मान, कंबर आणि संयम तिन्ही लागतात. चाळिशीनंतर कंबर बोलायला लागते, तुझं अजून वय आहे.

बाहेरची कटकट वेगळी. हॅनफर्ड म्हटल्यावर तू सिएटलसारखा पाऊस आणि हिरवळ डोळ्यासमोर आणली असशील तर विसर. डोंगरापलीकडचं वाळवंट आहे हे, वर्षाला १८ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर. वारा सुटला की टंबलवीड, म्हणजे वाळून गोल झालेली काटेरी झुडपं, गडगडत येऊन नळीच्या कवचाला टेकून ढीगच्या ढीग लागतात. ती काढायला मशीन आहे, गवताच्या पेंढ्या बांधतात तशा त्यांच्या पेंढ्या बांधतात. जोराचा वारा असला की इमारतीच हलतात आणि लॉक जातो. लॉक जाणं म्हणजे लेसर आणि आरसे यांचा जो सूर जुळलेला असतो तो सुटणं. हिवाळ्यात समुद्राच्या लाटांनी जमीन हलत असते, शेकडो किलोमीटरवरून, त्यानेही त्रास. कुठे तरी जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठा भूकंप झाला तरी इथे कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर डोक्याला हात लावून बसतो. आणि डोमकावळे! नायट्रोजनच्या पाइपवर जमलेला बर्फ डोमकावळे चोची मारून खात होते, त्या टकटकीचे ठोके डेटात उतरले, शोधून काढायला डिटेक्टिव्हसारखं काम करावं लागलं, शेवटी तिथे बर्फच साचू नये अशी सोय केली. लुइझियानातल्या दुसऱ्या जागेला, लिव्हिंग्स्टनला, वारा कमी पण जंगलतोड, जवळून जाणाऱ्या आगगाड्या आणि चक्रीवादळं. तुला निवडायला मिळालं तर कोरडी उष्णता की दमट, एवढाच प्रश्न आहे असं मी म्हणेन.

एक गोष्ट मला नेहमी आठवते. १४ सप्टेंबर २०१५, पहिला सिग्नल आला त्या रात्री लिव्हिंग्स्टनला लोक मुद्दाम आवाज-कंपनं करून टेस्टिंग करत होते, अजून एखादं करूया की नको असं चाललेलं, पहाटे थकून थांबले आणि घरी निघाले. त्यानंतर थोड्याच वेळात लाट आली, आधी तिकडे, ७ मिलिसेकंदांनी आमच्याकडे हॅनफर्डला. अजून एक टेस्ट म्हणत बसले असते तर? इथल्या जुन्या लोकांना विचार, प्रत्येकाकडे या गोष्टीची आपली आवृत्ती आहे.

व्हिसाचं. इथला नोकरी देणारा कॅलटेक असतो, विद्यापीठ असल्यामुळे एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, लॉटरीतून सुटका, वर्षात कधीही अर्ज करता येतो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेर देशातून नवीन एच-१बी साठी १ लाख डॉलरची फी लावली, विद्यापीठंही त्यातून सुटली नाहीत, त्यामुळे तुझ्या जागेसाठी ती भरणार का, की जे-१ वर (एक्स्चेंज व्हिसा) आणणार, हे ऑफर घ्यायच्या आधी एचआरला ईमेलवर विचार, तोंडी नको. हे नियम महिन्यागणिक बदलतात, माझ्या शब्दावर तिकीट काढू नकोस. फरक वहिनींसाठी मोठा आहे: तू एच-१बी वर असलास तर त्या एच-४ वर (जोडीदाराचा व्हिसा), आणि ग्रीन कार्डची एक पायरी पार होईपर्यंत नोकरी करता येत नाही. जे-१ असेल तर जे-२ वर वर्क परमिटचा अर्ज करता येतो. त्या स्वतः नोकरी करतात असं तू लिहिलंयस, तर हे दोघांनी बसून बोला. आमच्याकडे हे बोलणं इथे आल्यावर झालं, आणि पहिली दोन वर्षं घरात फार शांतता होती, आणि ती लायगोला लागते तसली शांतता नव्हे.

दुसरी धास्ती पैशाची. सगळा कारभार एनएसएफच्या, म्हणजे विज्ञानाला निधी देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेच्या, पैशावर. २०२६ साठीच्या बजेट प्रस्तावात लायगोचा निधी जवळजवळ ४० टक्के कापून दोनपैकी एक जागा बंद करायचं सुचवलं होतं. प्रस्ताव म्हणजे निर्णय नव्हे, पण व्हिसा नोकरीला बांधलेला असताना अशा बातमीने झोप उडते. फंडिंग किती वर्षांचं आहे हे इंटरव्ह्यूत विचारायला लाजू नकोस, इथे ते उद्धट समजत नाहीत.

राहायला रिचलंड, केनेविक, पास्को ही तीन लागून असलेली गावं. गाडीशिवाय एक दिवस निघत नाही, ऑब्झर्व्हेटरी गावाबाहेर ओसाड रानात आहे. आल्या आल्या सोशल सिक्युरिटी नंबर, मग बँक, मग लायसन्स. क्रेडिट हिस्टरी शून्य म्हणून भाड्याच्या घरालाही जास्त डिपॉझिट मागतील, तेवढी रक्कम हाताशी ठेव. वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही ही जमेची बाजू, पण खाजगी कंपनीच्या आकड्यांशी तुलना करू नकोस, विद्यापीठाचा पगार आहे तो. रिचलंडला मोठी नॅशनल लॅब असल्याने बाहेरून आलेली कुटुंबं बरीच आहेत, मुलीला शाळेत एकटं वाटणार नाही. तरी मी म्हणेन पहिले तीन-चार महिने तू एकटा ये, घर-गाडी लाव, मग त्यांना आण, आणि शक्यतो जानेवारीत आणू नकोस, धुकं आणि राखाडी आभाळ बघून पहिल्याच आठवड्यात परत जाऊ म्हणतील.

हिंगोलीचं विचारलंयस. औंढ्याजवळ लायगो-इंडियाला २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, २,६०० कोटी, तिथेही अशीच ४ किलोमीटरची नळी आणि असेच चेंबर. इथे शिकून तिकडे जायचा विचार वाईट नाही, उलट इंटरव्ह्यूत बोलून दाखव. मी स्वतः जाईन का, तर घरात मतदान घ्यावं लागेल.

दुसऱ्या राउंडला एक प्रश्न बहुतेक येईल: काम अर्धवट असताना वेळ संपली तर काय करशील. प्लांटच्या सवयीने "थांबून पूर्ण करीन" म्हणू नकोस. सगळं होतं तसं सुरक्षित करून, लिहून, बाहेर येईन म्हण. अजून काही अडलं तर मेसेज टाक, फक्त मंगळवारी इथली दुपार होईपर्यंत उत्तराची वाट बघू नकोस.