वकीलसाहेबांना विचारा

प्रश्न : माझे दीर ह्यूस्टनला असतात. ते सांगतात, तिथं न्यायाधीश मतं मागत फिरतात. खरं का? माझी मुलगी बेळगावात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला न्यायाधीश व्हायचंय. – एक वाचक, खानापूर

उत्तर : खरं आहे, ताई. टेक्सासात जिल्हा न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर चार वर्षांसाठी निवडून येतात. प्रचाराला वर्गणी देणारा वकीलच उद्या त्यांच्यापुढं युक्तिवाद करू शकतो. मला तरी हे पचत नाही.

आपल्याकडं परीक्षा. दिवाणी न्यायाधीशांची निवड कर्नाटक उच्च न्यायालय करतं : पूर्व, मुख्य, मग तोंडी. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्याआधी ३ वर्षं वकिली सक्तीची झाली. मुख्य परीक्षेत कन्नड-इंग्रजी भाषांतराचा पेपर असतो आणि मराठी शाळेतली आपली हुशार पोरं नेमकी तिथंच अडखळतात. बसमध्ये कन्नड बोलता येणं वेगळं, साक्षीदाराचा जबाब कन्नडातून नीट इंग्रजीत उतरवणं वेगळं. रोज एक पान करायला लावा. सनद मिळाली की खानापूर कोर्टात दिवाणी वकिलाकडं ज्युनियर म्हणून बसवा. वाटणीचे, बांधाचे दावे तिथंच शिकायला मिळतील. पैशाचं मात्र विचारू नका, सुरुवातीला पेट्रोल सुटलं तरी पुष्कळ.