जठराची जुनाट सूज आणि आईची शेंगा चटणी

जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षे सूज का राहते आणि तिखट सोडल्याने ती जाते का, असे आपण विचारले आहे. तिखट हे तिचे मूळ कारण नव्हे, हे मी ठामपणे लिहितो, कारण याच समजुतीपायी माझ्या आईने सहा वर्षे बोलणी खाल्ली.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करत आणि कंबर धरली की दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणून पहाटे उपाशीपोटी चहाबरोबर एक गोळी घेत. पुढे छातीखाली जळजळ सुरू झाली, दोन घासांत पोट भरू लागले, तेव्हा आत्याने निकाल दिला, "वहिनीच्या हाताला तिखट फार." आईने उखळात शेंगा चटणी कुटणे थांबवले, भाकरी ताकात कुस्करून वाढली, तरी वडील अंथरुणावर पोट दाबून बसलेले असत. गोळ्यांवर कोणाचाच संशय गेला नाही. ते औषध होते ना!

अखेर दुर्बिणीने तपासणी झाली. अस्तराच्या तुकड्याच्या अहवालात जुनाट सुजेसोबत हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचे नाव आले. तो बहुधा लहानपणीच पोटात शिरतो आणि उपचार न केल्यास आयुष्यभर तिथेच राहू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली आणि सहकारी रॉबिन वॉरेन यांच्यासह त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. आमच्या घरात मात्र त्यानंतरही चटणीच दोषी ठरत होती. डॉक्टरांनी वेदनाशामके बंद केली, प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध १४ दिवस दिले, आणि महिन्याभरानंतरच्या शौच तपासणीत जिवाणू आढळला नाही.

याखेरीज दारू, जठरात उलटे येणारे पित्त, आणि शरीराच्याच प्रतिकारशक्तीने आम्ल तयार करणाऱ्या पेशींवर केलेला हल्ला ही कारणे असतात. शेवटच्या प्रकारात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते.

सुजलेल्या अस्तराला तिखट झोंबते, हे मान्य. अॅस्पिरिनही वेदनाशामकच, पण हृदयासाठी दिलेली असल्यास ती डॉक्टरांना न विचारता थांबवू नये, आणि शौचास डांबरासारखी काळी झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अहवाल वाचून दाखवल्यावरही आत्या म्हणाली, "तरी तिखट कमीच बरे." हे उत्तर मी तिलाही पाठवणार आहे. तिने आईसमोर बसून आपला शब्द मागे घ्यावा, ही माझी अपेक्षा आजही कायम आहे.