रिकन्सिलिएशनला 'समेट' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याबद्दल एका मराठी लेखात "विधेयक समेटाच्या मार्गाने सिनेटमध्ये मंजूर झालं" असं वाचलं, पण रिपब्लिकन पक्षाच्या एकानेही बाजूने मत दिलं नव्हतं, मग समेट झाला कोणाशी?

शंका अगदी बरोबर आहे, समेट कोणाशीच झाला नव्हता. मूळ शब्द बजेट रिकन्सिलिएशन, आणि तो भांडणातला नाही, हिशेबातला आहे.

ज्यांनी अकरावीला कॉमर्स घेतलंय त्यांना बँक जुळवणी पत्रक आठवत असेल. कॅशबुकात शिल्लक 50,000 आणि पासबुकात 62,000, का तर 12,000चा चेक तुम्ही दिलात, लगेच लिहूनही ठेवलात, पण समोरच्याने तो अजून बँकेत टाकलाच नाहीये. मग बसून एकेक नोंद ताडून बघायची आणि दोन आकड्यांचा मेळ घालायचा. यात कोणाचं कोणाशी वाजलेलं नसतं, त्यामुळे समेटाचा प्रश्नच येत नाही.

अमेरिकेच्या 1974च्या बजेट कायद्यात हाच अर्थ आहे. संसद आधी बजेटचा ठराव करते आणि मग कर नि खर्चाचे कायदे त्या आकड्यांशी जुळवून घेते. हिशेबाचं काम म्हणून सिनेटमध्ये चर्चेला 20 तासांची मर्यादा, त्यामुळे भाषणं लांबवून विधेयक अडवता येत नाही. एरवी ती अडवणूक मोडायला 60 मतं लागतात, इथे साधं बहुमत पुरतं, म्हणजे विरोधकांशी समेट करायची गरजच उरत नाही! म्हणून हे भाषांतर मला फार खुपतं, वाचणाऱ्याला बरोब्बर उलटं चित्र दिसतं.

लेखातल्या वाक्यात अजून एक चूक आहे. मुख्य विधेयक सिनेटने 24 डिसेंबर 2009लाच 60-39 ने मंजूर केलं होतं. नंतर जानेवारीत दिवंगत डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडींच्या रिकाम्या जागेवर रिपब्लिकन स्कॉट ब्राउन निवडून आले आणि डेमोक्रॅट्सचं साठावं मत गेलं, मग प्रतिनिधीगृहाने मार्चमध्ये सिनेटचंच विधेयक जसंच्या तसं मंजूर केलं आणि त्यातल्या दुरुस्त्या तेवढ्या सिनेटने जुळवणीच्या वाटेने 56-43 ने मंजूर केल्या.

ही वाट दोन्ही पक्ष वापरतात. 2017 साली याच वाटेने ओबामाकेअर, म्हणजे हाच आरोग्यविमा कायदा, मोडायचा रिपब्लिकनांचा प्रयत्न झाला, तो त्यांच्याच पक्षाचे सिनेटर मॅकेन यांच्या विरोधी मतामुळे 49-51 ने पडला. 2025च्या जुलैत मेडिकेडला (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याला) कात्री लावणारं विधेयक सिनेटमध्ये 50-50 वर अडलं आणि उपाध्यक्ष व्हॅन्स यांच्या मताने पार पडलं. आरोग्यविम्याचं पुढे काय करायचं ही चर्चा निघाली की हा शब्द येतोच, आणि बातम्यांत कधी 'समेट' तर कधी 'सलोखा विधेयक' होऊन येतो. सिनेटचा बर्ड नियम माहीत असेल तर ही चूक होणारच नाही. त्या नियमाने जुळवणी विधेयकातल्या ज्या कलमाचा बजेटच्या आकड्यांवर परिणाम होत नाही त्यावर आक्षेप घेता येतो, आणि ते वाचवायला परत 60 मतं लागतात. समेटाला अशी अट कशाला असेल?

मी 'बजेट जुळवणी' म्हणेन, फार तर 'ताळमेळ'. 'तडजोड' मात्र नको, कारण दोन सभागृहांची विधेयकं वेगळी असली की संयुक्त समितीत बसून जे करतात ती खरी तडजोड, तो शब्द तिथे लागतो.

ते वाक्य मी असं लिहिलं असतं: "आरोग्यविमा कायद्यातल्या दुरुस्त्या सिनेटने बजेट जुळवणीच्या वाटेने, साध्या बहुमताने मंजूर केल्या."