वेळापत्रकात रोज चुकणारे दोन तास

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबत पाठवलेले वेळापत्रकाचे छायाचित्र मिळाले. मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे, तासगाव तालुक्यातील गावाहून रोज एसटीने सांगलीच्या कॉलेजला येतो, सीईटी देऊन अभियांत्रिकीला जाण्याची त्याची इच्छा आहे. परंतु ‘उद्यापासून नक्की’ म्हणता म्हणता दिवाळीही उलटली आणि आता घरात त्यावरून रोज वाद होतात, असे आपण लिहिले आहे. तो आळशी झाला आहे का, हा आपला प्रश्न आहे.

ते वेळापत्रक मी बराच वेळ पाहत होते. पट्टीने आखलेले रकाने, प्रत्येक विषयाला वेगळ्या रंगाचे स्केचपेन, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत एकही चौकोन रिकामा नाही, आणि हे दिवाळीनंतरचे चौथे. इतके मन लावून आखणारा मुलगा आळशी नाही, असे मी खात्रीने सांगते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा अभ्यास तो बऱ्यापैकी करतो, हे आपणच नोंदवले आहे. चुकतात ते संध्याकाळी सात ते नऊ हे गणिताचे दोन तास, आणि तेही कॉलेजात इंटिग्रेशन सुरू झाल्यापासून. नेमके तेव्हाच त्याला टेबल आवरावेसे वाटते, पेन सापडत नाही, मोबाइल चार्जिंगला लावायचा असतो.

टाळाटाळीचे मूळ बहुधा घड्याळात नसते. फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये हे नीट मांडले: जे काम समोर येताच मनाला भीती किंवा कमीपणा वाटतो, ते पुढे ढकलल्याबरोबर क्षणभर हायसे वाटते, आणि त्या हायसे वाटण्यानेच सवय घट्ट होते. म्हणून, ताई, रागावण्याने इथे उलटच होईल, कारण गणिताच्या भीतीत बोलणी खाण्याची भीती मिसळेल. पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली, असे आढळले. झाले ते झाले, हे त्याला आपल्या तोंडून एकदा ऐकू द्या.

आता कामाचे. इंटिग्रेशनमध्ये अडणाऱ्या मुलांची खरी अडचण बरेचदा मागे, अकरावीच्या त्रिकोणमितीच्या सूत्रांत आणि डेरिव्हेटिव्हमध्ये असते, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे पहिले चार दिवस त्याने फक्त ती सूत्रे कोऱ्या कागदावर आठवून लिहावीत. त्यानंतर दोन तासांचा विचार सोडून पंधरा मिनिटांचा करावा, आणि ती मिनिटे घड्याळाला न बांधता रोजच्या एखाद्या कृतीला बांधावीत: घरी येऊन चहा झाला की, मोबाइल आपल्याकडे देऊन, रोज एकाच खुर्चीवर बसून पुस्तकातील सोडवलेले एक उदाहरण वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि तेच उदाहरण न पाहता उतरवायचे. अडले तर जिथे अडले तिथे खूण करून पुन्हा पाहायचे. पंधरा मिनिटांनी उठायची मुभा त्याला खरोखर असू द्या. बहुतेक दिवशी तो उठणार नाही.

पुस्तक मिटण्यावर माझा भर आहे, कारण वारंवार वाचल्याने ‘येते’ असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले होते. मात्र आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के, तर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के भाग आठवला. उजळणीच्या दिवसांचे गणित तर आपल्या घरी पाठच असेल. आपल्या तासगावकडच्या द्राक्षबागेत छाटणीपासून दिवस मोजून डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) आणि विरळणी करतात, सगळे एकाच दिवशी उरकत नाहीत. तसेच धडा शिकल्याची तारीख वहीच्या कोपऱ्यात लिहून दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी तो न पाहता सोडवावा. हे आकडे एक-दोन दिवसांनी मागेपुढे झाले तरी चालतील.

वेळापत्रकाबद्दल इतकेच, की ते अर्धे रिकामे ठेवावे. 1994 मधील एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी 34 दिवसांत होईल असे सांगितले होते आणि प्रत्यक्षात सुमारे 55 दिवस लागले. एसटी उशिरा येते, वीज जाते, पाहुणे येतात. ठासून भरलेला दिवस एका तासाने घसरला की मूल अख्खा दिवस सोडून देते आणि नवे वेळापत्रक आखायला घेते.

गणित बाजूला ठेवून सीईटी साधणार नाही, हेही त्याला शांतपणे दाखवावे. एकूण 200 गुणांपैकी 100 गणिताचे आहेत, प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि प्रश्नांचा पाचवा हिस्सा अकरावीवर असतो. म्हणजे ती जुनी सूत्रे गिरवण्यात घालवलेले चार दिवस थेट परीक्षेच्याच कामी येतात.

पंधरा दिवसांनी मला नवे वेळापत्रक पाठवू नका. त्याने न पाहता सोडवलेल्या उदाहरणांचे एक पान, खाडाखोडीसह, पाठवा. तो नेमका कोणत्या पायरीवर थांबतो, हे त्या पानावरून कळेल आणि पुढचे मी त्यालाच लिहीन.

कळावे,
आपली,
करिअर मार्गदर्शक, सांगली