ईसीजी नॉर्मल आहे, मग पोटात उडतं ते काय?

हल्ली तिशी-चाळिशीतली मंडळी येतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, मॅडम धडधडतं, रात्री उशीवर कान टेकला की नाडी ऐकू येते, ईसीजी झाला, टूडी इको झाला, सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, पण आत काहीतरी होतंय हे नक्की. इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर लिहितेच. त्यासाठी एक केस सांगते, ओळख बदलून.

सुहास, वय 34, तारकर्लीला होमस्टे. शिमग्यात काका पालखी नाचवून घरी आले आणि त्याच रात्री हार्ट अटॅकने गेले. तेव्हापासून ह्याचं बोट दिवसभर मनगटावर, रात्री गळ्यावर, शिवाय स्मार्टवॉच. उताणा झोपला की बेंबीच्या जरा वर काहीतरी उडायचं. आई म्हणाली, "झिलाची बेंबी सरकलीहा." मग तेल लावून चोळणं झालं, थोडे दिवस बरं वाटलं आणि परत तेच.

मी विचारलं, "उडायला लागतं तेव्हा मनात पहिलं वाक्य कुठलं येतं?"

"काकांसारखं होणार माझं." एक सेकंदही नाही लागला त्याला.

मी विचारांवर काम करणारी समुपदेशक आहे. धडधड आणि भीती ह्यांच्या मधे एक वाक्य दडलेलं असतं ह्यावर माझा पक्का विश्वास आहे, आणि ते वाक्य "काही होत नाही रे तुला" म्हणून हलत नाही, त्याच्या जागी दुसरं खरं वाक्य बसवावं लागतं. सुहासला सगळे सांगत होते की नाडी बघणं सोड. मी उलट केलं. कोऱ्या कागदावर माणसाची बाह्यरेषा काढली आणि म्हटलं, जिथे जिथे नाडी लागते तिथे टिंब काढ. फक्त गळ्याच्या दोन्ही बाजू एकदम दाबू नकोस, चक्कर येऊ शकते.

मनगट, गळा, कोपराच्या आतली बाजू, घोट्याच्या आत. मग मी त्याला पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या हाडाच्या शेजारी बोट ठेवायला सांगितलं. (काही निरोगी माणसांना इथे नाडी हाताला लागत नाही, घाबरू नका.) त्याला लागली. बराच वेळ तो तसाच वाकून बसला होता. म्हणाला, "मॅडम, इतक्या लांब पण व्यवस्थित येता हा."

मग आम्ही टिंबं जोडत गेलो. हृदयाच्या डाव्या बाजूतून महाधमनी निघते, शरीरातली सगळ्यात मोठी धमनी, तिचे पहिलेच फाटे खुद्द हृदयाला रक्त देतात, पुढे ती कमान घेते, तिथून मान-डोकं आणि हातांच्या धमन्या फुटतात, नंतर ती मणक्याच्या पुढून सरळ खाली, पोटात आतड्यांना, किडन्यांना देत देत बेंबीच्या आसपास दुभागते आणि एकेक फाटा एकेका पायाकडे जातो.

पेन बेंबीच्या वर आलं आणि तो थांबला. "म्हणजे उडतं ती हीच?"

"हीच. जेवण कसं चाललंय?"

"जात नाही. नऊ किलो उतरलंय." आणि मग स्वतःच म्हणाला, "पोट आत गेलं म्हणून जास्त लागतंय का?"

मला त्याच्याकडूनच हे यायला हवं होतं. भीतीने जेवण तुटलं, पोट पातळ झालं, नाडी हाताला जास्त लागायला लागली, त्यातून अजून भीती, आणि भीतीच्या अ‍ॅड्रेनलिनने ठोके अजून जोरात. अशा कितीतरी केसेस बघून माझं मत झालंय की हे लोक खोटं काही सांगत नसतात, नाडी खरंच जोरात लागत असते, फक्त तिचा अर्थ चुकीचा लावलेला असतो.

तरी त्याची शंका होतीच, मधेच ठोका चुकतो त्याचं काय? बऱ्याचदा तो चुकत नाही, लवकर पडतो, मग जरा जास्त थांबा येतो, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो, तोच आपल्याला धप्पकन जाणवतो. श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना कमी होते, तेही निरोगीपणच. मोठ्या माणसाचं हृदय आरामात असताना एका ठोक्याला साधारण 70 मिली रक्त ढकलतं, मिनिटाला 70 ठोके धरा. सुहासने मोबाईलवर गुणाकार केला, 4900. जवळपास 5 लिटर, म्हणजे अंगात असतं तेवढं सगळंच. असाच हिशोब मांडून विल्यम हार्वेने 1628 साली दाखवलं की एवढं रक्त रोज नवीन तयार होणं शक्यच नाही, तेच गोल फिरतंय. शिरांमधून उजव्या बाजूला, तिथून फुप्फुसात, परत डाव्या बाजूला. पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू आणि शिरांमधल्या झडपा मदत करतात, म्हणून त्याला मी रोज किनाऱ्यावर चालायला लावलं.

तुम्हीही त्यातलेच असाल तर तपासण्या डॉक्टर सांगतील तेवढ्या एकदा नीट करा, नॉर्मल आल्या की त्याच त्याच परत करू नका. घड्याळ रात्री काढून ठेवा. नाडी बघायचीच असेल तर दिवसातली एक वेळ ठरवा, मधेच बोट गेलं तर ते वाक्य कागदावर लिहा आणि त्याखाली खरं वाक्य लिहा. सुहासने लिहिलं होतं, "ही महाधमनी आहे, पायाला रक्त पोचवते आहे." घरच्यांनी दर तासाला "आता कसं वाटतंय" विचारणं बंद करावं. आईला तेल लावायचंय तर लावू दे, पोट दाबून चोळायचं नाही.

पण छातीत दाब, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, शुद्ध हरपणं ह्यातलं काही झालं तर कागद-पेन नाही, लगेच 108. आणि साठीच्या पुढच्या, त्यातही बिडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसाच्या पोटात ठोके देणारी गाठ लागत असेल तर सोनोग्राफी करून घ्या, आणि सोबत पोटात-पाठीत जोराची कळ असेल तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.